आधी जेवणारी सून

माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. पाचवं यवतमाळच्या दवाखान्यात राहिलं. हे मी लपवत नाही. बायकांना समजावताना तासभर बोलून जे होत नाही, ते एकदा चप्पल काढली की होतं.

ज्यांना नुकतंच 'तुम्हाला शुगर आहे' असं सांगितलंय आणि ज्या घरी येऊन चुलीपुढे मुकाट बसल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं मला फारसं कळत नाही, ते डॉक्टरांना विचारा. मी जेवणाचं सांगणार आहे. काय जेवायचं ते, आणि कोणाच्या आधी जेवायचं तेही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे.

खुंट

आमचं गाव महागाव तालुक्यात. घरची कापसाची आणि तुरीची शेती. घरात सासू, हे आणि मी. मुलगी शिकायला वसतिगृहात. कापसाची ती वाईट वर्षं होती. कधी बोंडअळी, कधी पावसाचा खंड, आणि हाती आलं तर त्याला भाव नाही. आसपासच्या गावांत तेव्हा काय घडत होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. एवढंच सांगते की त्या दिवसांत गावातली प्रत्येक बाई नवऱ्यावर नजर ठेवून असायची. तो जास्त वेळ गप्प बसला की काहीतरी निमित्त काढून त्याच्याशी बोलायला जायची. फवारणीचे डबे मी गोठ्यातून उचलून कडब्यामागे लपवले होते. यांना ते कळलं होतं. अशा घरात बाईनं आपल्या पायाचं रडगाणं काय गायचं?

वेचणी संपून शेत रिकामं करायचं काम चाललं होतं. कापलेल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, खुंट भाल्यासारखं उभं राहतं. ते चपलेतून आरपार बोटाखाली गेलं. रक्त आलं, पण दुखलं काहीच नाही. दुखलं असतं तर मी दवाखान्यात गेले असते. हळद भरली, चिंधी बांधली आणि कामाला लागले. त्याआधी कितीतरी महिने मला सारखी तहान लागत होती, अंगावरचे ब्लाउज ढिले झाले होते. काळजीनं होत असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

वास आधी सासूला आला. मी भाकरी थापत होते, ती मागे बसली होती.

"सुमन, हा वास कायचा येऊन राह्यला?"

"काही नाई आई. पायाले जरासं लागलं."

तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि चिंधी सोडली. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. मी शरमेनं पाय मागे घेत होते. तिनं सोडला नाही.

"अवं माय," एवढंच म्हणाली. मग यांना हाक मारली.

खाट

महागावच्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं आणि यवतमाळला धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखरेचा आकडा दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही.

"बोट आज काढावं लागेल," ते म्हणाले. "पाय राहील की नाही, ते साखरेवर आहे. साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर पुढे घोट्याच्या वरून काढावा लागेल. आत्ताच सांगून ठेवतो."

हे वऱ्हांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. खूप महिन्यांनी मला त्यांची भीती वाटली नाही, कारण ते रडत होते.

दवाखान्यात दिवस सगळे सारखेच. सकाळी बोटाला टोचायचं, मग फिनाइलचा वास, मग पायाचं ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या गाडीची चाकं वाजायला लागली की खाटांवरच्या सगळ्या बायका बोलायच्या थांबायच्या. एक सिस्टर होती, तिच्या हाताला घाई नव्हती. पट्टी ओढायच्या आधी ती सांगायची, "आता ओढते हं." तेवढं सांगितलं तरी अर्धी भीती जायची. सासू माझ्या खाटेखाली सतरंजीवर झोपायची. घरी आमचं फार जमायचं असं नाही. पण तिनं मला एकटीला सोडलं नाही, हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढे तिच्याविषयी वेगळंही लिहायचं आहे.

खाटेखाटेवरून सल्ले येत होते. भात बंद, गोड बंद, बटाटा बंद. ज्वारीनं मात्र साखर होत नाही, भाकर कितीही खा. सासू कोणाकडून तरी कारल्याचा रस आणायची आणि वर घरून आलेल्या भाकरी प्रेमानं चुरून द्यायची. साखर काही उतरेना.

मग आहाराच्या मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. स्टूल ओढून बसल्या.

"काल किती भाकरी खाल्ल्या?"

मी सासूकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"खानाऱ्याच्या भाकरी मोजत नाईत आमच्यात," ती म्हणाली. "नजर लागते. अन् आमच्या घरी कोनाले मोजून देत नाईत, बाप्पा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला घरचं विचारलं. केव्हा जेवता, कशात जेवता. मी खरं ते सांगितलं. सगळ्यांचं झालं की यांच्याच ताटात, जे उरेल ते. कधी अर्धीच भाकर उरते, कधी चार उरतात. उरलेलं फेकवत नाही, म्हणून चारही खाते. वरण बहुतेक संपलेलंच असतं. भाकरीला मिरची, तेल लावून घेते.

"म्हणजे तुम्ही काय खाता ते तुम्हालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. रागावून नाही. पण मला ते लागलं. एवढं घर चालवत होते मी, आणि आपल्या पोटात काय जातं ते सांगता येत नव्हतं.

त्यांनी काहीही बंद केलं नाही. ही गोष्ट मी ठळक करून सांगते, कारण तिथेच सगळ्या बायका चुकतात. जेवणाचे तीन भाग करायचे, त्या म्हणाल्या. एक पिठाचा, त्यात भाकर, पोळी, भात, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ सगळे भाऊबंद. ज्वारीही त्यातलीच, तिला वेगळा मान नाही. दुसरा डाळीचा, वरण, बेसन, दही, दूध, अंडी. तिसरा तेलातुपाचा, त्यात शेंगदाणा. पिठाचं माप ठरलेलं, त्याच्या आत काय बसवायचं ते तुमच्या मनावर. डाळ वाढवायची. तेल चमच्यानं घ्यायचं. भाज्या हव्या तेवढ्या.

"पुरणपोळी?" मी विचारलं. आवाज लहान झाला होता.

"खा ना. त्या जेवणात भाकर आणि भात सोडायचा. आणि पोळी लहान करायची."

सासू म्हणाली, "हे बरं हाय." तेवढं तिला पटलं.

मग मॅडमनी सुईचं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि सुईनंतर अर्ध्या तासात जेवण. थांबायचं नाही. थांबलं तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस बरळायला लागतो, आणि मग उठत नाही. तसं दिसलं तर त्याच क्षणी गोड द्यायचं. हे त्यांनी सासूला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

गोळे

घरी फ्रिज नव्हता, आणि असता तरी लोडशेडिंगनं चालला नसता. सुईची बाटली एका गाडग्यात आणि गाडगं ओल्या वाळूत. ते जमलं. वाटी ठरवणं जमलं. तेलाला चमचा ठेवला. राहिली भाकर. माझ्या हातचा गोळा केवढा, त्याचं वजन किती, हे कळल्याशिवाय हिशेब बसेना.

मी भाकरीचे चार गोळे ओल्या फडक्यात बांधले आणि किराणा दुकानात नेले. दुकानदारानं फडकं उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते तराजूत ठेवले. मी खुशीत घरी आले. एवढं सोपं काम आपल्याला आधी का सुचलं नाही, असं वाटत होतं.

संध्याकाळी हे शेतातून आले ते बैलं न बांधताच आत आले.

"तू दुकानात कणकीचे गोळे मोजाले नेलते?"

"हो. मॅडमनं माप सांगतलं ना."

"पारावर लोकं काय म्हनून राह्यले माहीत हाय? आमच्या घरी पिठाले तोटा पडला म्हनतात. गोळे मोजून चूल पेटते म्हनतात."

दुसऱ्या कुठल्या वर्षी ही थट्टा म्हणून गेली असती. त्या वर्षी नाही गेली. एखाद्या घरात पीठ मोजून घेतात अशी बोलवा उठली की त्या घरातल्या पुरुषाकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहायला लागत. त्यांचा चेहरा पाहून मला फडक्यासकट ते गोळे विहिरीत टाकावेसे वाटले. पण पायाला पट्टी होती आणि डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. मी म्हणाले, "लोकाईले म्हना, पाय घेऊन जा माहा अन् चालून दाखवा." ते बैलं बांधायला निघून गेले. पुढचे आठ दिवस पारावर गेले नाहीत.

सासूचं दुःख निराळं होतं. माप तिनं एकवेळ चालवून घेतलं असतं. पण मी घरच्या माणसाच्या आधी जेवायला बसावं, हे तिला काही केल्या बघवत नव्हतं. तिनं उभ्या जन्मात ते केलं नव्हतं. दवाखान्यात ठीक, तिथे चूल आपली नसते. घरी ती माझं ताट वाढायची, त्यावर झाकण ठेवायची आणि दाराकडे पाहत बसायची.

"येतेच तो. थांब जराशीक."

मग मी सुईच उशिरा घ्यायची. हे बांधावर दिसले की सुई, ते जेवले की मी. कधी अंधार व्हायचा, कधी लवकर. साखर कधी वर, कधी खाली. यवतमाळला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरांनी जखम बराच वेळ पाहिली. ती भरत नव्हती; कडेनं काळी पडत चालली होती. त्यांनी घोट्याच्या वर बोट टेकवून यांना दाखवलं. "दिवाळीपर्यंत बघू. असंच राहिलं तर इथून." परतताना एसटीत यांनी माझा पाय आपल्या पिशवीवर ठेवून घेतला, धक्का लागू नये म्हणून. महागाव येईपर्यंत पिशवी दोन्ही हातांनी धरून होते.

महालक्ष्म्या

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशी पुरणाचा मोठा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील. नैवेद्य होईपर्यंत घरातल्या बायकांनी तोंडात काही घालायचं नसतं. मीठसुद्धा चाखून बघायचं नसतं. गल्लीतल्या बायका मदतीला येतात.

त्या सकाळी मी जी चूक केली ती कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मला वाटलं, आज पुरण पोटात जाणार. म्हणजे आज तर सुई चुकवून चालणारच नाही. सुई म्हणजे गोडावरचा उतारा, असं डोक्यात बसलं होतं. घेतली, आणि स्वयंपाकाला बसले. नैवेद्य दुपारपर्यंत होईल असं धरलं होतं. आरतीला माणसं जमेनात. पुरण वाटता वाटता हात कापायला लागले. धुरानं होत असेल, म्हटलं. मग जमिनीवरची कुंकवाची पावलं हलायला लागली. पाठीवरून घाम वाहत होता. मी कोणाला तरी म्हणत होते म्हणे, की बैलं उन्हात आहेत, सोडा त्यांना. मला ते आठवत नाही.

पुढचं मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. सासू देवीपुढे नैवेद्याचं ताट मांडत होती. माझं बरळणं ऐकून तिनं वळून पाहिलं. ताटात पुरण होतं, पाट मांडला होता, उदबत्ती लावायची बाकी होती. तिनं त्याच ताटातलं पुरण उचललं आणि माझ्या तोंडात घातलं. बोटानं गालाच्या आत चोपडलं. "गीळ," म्हणाली, "गीळ वं पोरी." मी गिळलं. तिनं पुन्हा घातलं.

शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि खोलीत कोणी हलत नव्हतं. देवीचं ताट माझ्या बाजूला उष्टं पडलं होतं. मला समजलं, आणि मी रडायला लागले.

काकू हळूच म्हणाल्या, "देवीच्या आंधी झालं वं हे."

सासूनं हात पदराला पुसले.

"देवीले थांबता येते," ती म्हणाली. "हिले नाई येत."

तिनं आंघोळ केली, नवं पुरण शिजवलं, नवं ताट वाढलं. नैवेद्य दिवेलागणीला झाला. माझं रोजचं जेवण मात्र पुढेही यांच्या मागूनच राहिलं.

त्या वर्षी ऐन वेचणीत पाऊस आला. फुटलेली बोंडं झाडावरच भिजून काळी पडली. माणसाला कोणावर तरी खापर फोडायचं असतं, आणि आमचं घर हाताशी होतं. देवीच्या आधी सून जेवली, असं ओट्याओट्यावर बोललं जाऊ लागलं. मला तर स्वतःलाही खात्री नव्हती. मी दिव्याकडे पाहून मनात माफी मागायची. एक दिवस बायका आमच्याच दारासमोर तो विषय काढून बसल्या. सासू आत तूर पाखडत होती. सूप हातात तसंच घेऊन बाहेर गेली.

"सारा गाव भिजला," ती म्हणाली. "साऱ्या गावच्या सुना आंधी जेवल्या का वं?"

बायका एकेक करून उठल्या. ती आत आली आणि मला म्हणाली, "सुई झाली का? मंग बस."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा, चूल पेटलेली असताना, घरातलं कोणी जेवलं नसताना, माझ्या स्वतःच्या ताटात जेवले. एक मापाची भाकर, दोन वाट्या घट्ट वरण, अंबाडीची भाजी, चमचाभर तेल. इतकी लाज मला लग्नाच्या दिवशीही वाटली नव्हती. तेवढ्यात हे आले. दारातून त्यांनी पाहिलं आणि उलटपावली जाऊन ओट्यावर बसले. ते आत आले असते तर मी उठून वाढायला लागले असते, हे त्यांना ठाऊक होतं. माझं ताट उचलल्याचा आवाज आला तेव्हाच ते आत आले. पुढे रोज तसंच.

पाय वाचला. संक्रांतीनंतर पट्टी सुटली. यवतमाळच्या डॉक्टरांनी चालून दाखवायला सांगितलं, मी चालले, आणि सासू मोठ्यांदा रडली. वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

भूक

तेव्हापासून मी बायकांना हे सांगत आले आहे. काहीच बंद करू नका, मोजा. लग्नात बुंदी घेतली तर भात सोडा. उपासाचा साबुदाणा हलका नसतो, तो पिठातच धरा. त्यापेक्षा दही आणि थोडे दाणे बरे. भाकर सोडून चिवडा खाल्ला तर तो भाकरीच्या जागी गेला. वाटी सगळ्यांना लगेच समजते. चमचा समजतो. गोळ्याचं वजन करायला आता त्या माझ्या घरी येतात, मी तराजू आणून ठेवला आहे. मोजलं की नजर लागते म्हणणाऱ्यांनाही महिनाभरात सवय होते.

पण शेवटी सगळ्या एकच विचारतात. "बाई, सारं खरं हाय. पन आंधी जेवाले कसं बसू?"

मी काही स्वतःहून जेवायला बसले नव्हते. मला बसवलं गेलं. ज्यांच्या घरी तसं कोणी नाही, त्यांना काय सांगायचं?

दोन गल्ल्या सोडून रंजना म्हणून एक सून आहे. तान्हं मूल, सकाळ-संध्याकाळ सुई, आणि दोनदा अंगणात पडून झालेली. तिची सासू वाईट नाही, जुन्या वळणाची आहे. मी समजावून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि रंजना त्या रात्रीही सगळ्यांच्या मागून जेवली. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळेला मी त्यांच्या घरी गेले आणि सरळ चुलीपाशी बसले.

"मावशी, मले भूक लागली."

दारी आलेल्या बाईला उपाशी कोण ठेवतं? तिनं ताट वाढलं. मी हात लावला नाही.

"एकटीनं कशी जेवू? रंजनाले बसवा संगं."

पाहुणीला एकटीला जेवू घालणं आमच्याकडे अपमानाचं. सासू स्वतः घरातल्या पुरुषांच्या आधी बसणार नव्हती. म्हणजे सून उरली. रंजना बसली. मी तिच्या ताटातली एक भाकर उचलून माझ्या ताटात घेतली आणि माझं वरण तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मावशीचा चेहरा कडक होत गेला.

"रोजच भूक लागते का वं तुले, सुमन?"

"लागते, मावशी."

"मले काय समजत नाई का?"

"समजते म्हनून तं येतो."

ती ताट वाढायची, पण आपटून. आपटून का होईना, वाढायची. घरी माझी सासू म्हणायची, लोकाचं खाऊन जाडी होशील. मी दोन्ही घरचं मिळून माप सांभाळत होते, ते कसं ते मलाच ठाऊक.

असा पावसाळा गेला. एक दिवस घरच्या कामात मला उशीर झाला, माझी सुईही घ्यायची राहिली. धावत गेले. सुई घेऊन पोरगी ताटकळत बसली असेल, या विचारानं चप्पलसुद्धा नीट घातली नव्हती. चुलीपाशी मावशी एकटीच होती. रंजना मोरीपाशी हात धूत होती.

"उशीर केला तू," मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाली. "हिचं जेवन झालं."

मी उभीच राहिले. ताट वाढायला ती उठली नाही. मीही मागितलं नाही. त्या दिवशी मी उपाशीच घरी परत आले.